निरोप क्रमांक ४१२

मगदूमबाईंनी डबा काउंटरवर ठेवला,
बिस्किटांचा, पत्र्याचा.
"हळदीच्या वखारीत वरच्या फळीवर होता,
म्हणून दोन्ही पुरांतनं वाचला. ह्यांचं असलं काही
फेकवत नाही हो."
आत सव्वापाच इंची एकवीस फ्लॉपी,
कडांना पिवळ्या, बुरशी धरलेल्या,
आणि एक व्होल्टमीटर, काटा अडकलेला.

गणपती पेठेत माझं दुकान. मी प्रिंटर दुरुस्त करतो.
असली ड्राइव्ह मिळायला तीन महिने गेले,
शेवटी मिरजेत भंगारवाल्याकडं, किलोच्या भावानं.
तबकडी सोडवायची, कोमट पाण्यात
भांड्यांच्या साबणानं धुवायची,
कापसानं टिपायची, बाळाचे कान पुसावेत तशी,
आणि कान देऊन बसायचं:
ड्राइव्ह कण्हते, की वाचते.

सतराव्या ट्रॅकवर अडलं.
एक्केचाळीस वेळा वाचलं, दर वेळी वेगळी साक्ष.
मग मतदान घेतलं, बाइटगणिक,
बहुमताला खरं मानलं. गावात तरी
दुसरं काय करतो आपण.

सर पॉलिटेक्निकला शिकवायचे. रात्री अकरानंतर
त्यांच्या ह्या फलकावर गावोगावचे हॅम
रेडिओवरून निरोप टांगून जायचे,
चर्र, चर्र,
तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखे.
घेणारा नसला तर निरोप थांबायचा.
थांबणं हेच ह्या प्रोग्रामचं खरं काम,
बाकी सगळी हमाली.

मार्चातल्या एका संध्याकाळी तो उठला.
काळ्या काचेवर हिरवी अक्षरं:
रामराम. सांगली ऐकतेय. बोला.
वर्ष दाखवलं एकोणीस हजार एकशे चोवीस.
मी दुरुस्त केलं नाही.

चारशे बारा निरोप. चारशे अकरा वाचलेले.
शेवटचा सरांच्याच नावे, कराडहून, गुलाब शिकलगारांचा,
मच्छिंद्रगडावरच्या पेटीतून उडी मारून आलेला,
तेरा ऑगस्ट चौऱ्याण्णव, पहाटे दोन दहा.
तेव्हा सर मिरजेच्या दवाखान्यात होते.
तिथून ते घरी आले नाहीत.

ज्याचा निरोप त्यालाच, असं प्रोग्राम म्हणतो.
सरांचं कॉलसाइन टाकलं की उघडेल.
तीन अक्षरं टाकली, पुढची टाकवेनात.
कुलूपही त्यांनीच घडवलेलं.

मी मागच्या दारानं गेलो.
फ्लॉपीवरचे कच्चे आकडे उघडले, एकेक अक्षर जुळवलं,
आंतर्देशीय पत्र उजेडापुढं धरावं तसं.

"सर, मीटर पाठवा. पोराचं प्रॅक्टिकल सोमवारी.
काटा अडकतोय, डाव्या अंगाला टिचकी मारा."

एवढंच.

नऊ व्होल्टची बॅटरी लावली, डाव्या अंगाला टिचकी मारली.
काटा उठला, साडेआठावर थरथरत राहिला.
पडद्यावर अजून तसंच: न वाचलेले, एक.

बाईंना फोन केला.
"गुलाबभाई? आहेत की, मंगळवार पेठेत.
मोठ्यानं बोला फक्त,
ऐकू कमी येतं त्यांना."