तिसरी बेव्हर्ली

वर्गात आम्ही चौघी बेव्हर्ली.
बाई हाक मारत, चार माना वळत.
मी तिसरी. बेव्हर्ली एच.

आजोबांच्या काळी हे पुरुषाचं नाव होतं,
त्याआधी गावाचं,
त्याही आधी नुसत्या ओढ्याचं,
ज्यात बीव्हर राहत.
कातड्यापायी बीव्हर संपले.
नाव उरलं,
रित्या घड्यात पाण्याची रेघ उरते तसं.

आता पाळण्यात कुणी बेव्हर्ली नाही.
नातीचं नाव मार्नी.
काल तिनंच नेलं तळ्यावर:
कुंपणाआड सोडलेत म्हणे, परत आणून.
तासभर थांबलो. दिसला एकही नाही.
फक्त वाळुंजाचा बुंधा,
पेन्सिलीसारखा तासलेला,
भोवती ओला भुसा.

"आजी, तुझं माहेर," मार्नी हसली.

गुडघा कुरकुरला, तरी वाकले.
चिमूटभर भुसा
कोटाच्या खिशात टाकला.