दुरुस्ती चिठ्ठी

धुळ्यात गल्ल्यांना नंबर आहेत.
मी चौथ्या गल्लीत राहतो,
कोर्टाच्या लायब्ररीत पुस्तकं बांधतो,
आणि आणखी एका तीन आकडी नंबरात
कळायला लागल्यापासून राहत होतो,
हे मला शिवणीसाठी पानं सुटी करताना समजलं.

पान जुनं. भाषांतर सरकारी.
'निसर्गक्रमाविरुद्ध'
या शब्दात वाळवीनं भोक पाडलेलं,
नेमकं 'क्र'च्या पोटात.
मी ते बुजवलं.
कामच ते माझं.

वरच्या फळीवर साहेबाच्या काळातले खंड :
रंगून, पिनांग, सिंगापूर.
इंग्रजी मला अक्षर लावण्यापुरती येते, आकडे मात्र येतात.
सगळीकडे तोच आकडा,
गोणीतल्या दादरीबरोबर
सोंडा जावा तसा बोटीतून गेलेला.
निकुंभ बाई म्हणाल्या, साहेबानं स्वतःच्या घरात
सदुसष्टातच पुसायला घेतलं होतं.
आम्हाला कळवायचं राहून गेलं असणार.

सुपडू शिरपूरचा.
केळीची गाडी घेऊन आठवड्यातून दोनदा आग्रा रोडनं यायचा.
त्याला मी ते कलम वाचून दाखवलं, एकदाच,
ताडपत्रीखाली, बॅटरीच्या उजेडात.
तो इतका हसला की घड हलले.
"निसर्ग? आरे, केळमा बी ऱ्हास का?
मुनवा काढतस, दुसरीकडे लावतस.
आख्खं शिरपूर पोट भरस त्यावर.
केळले कोन्तं कलम लावशी, सांग!"

दोन हजार नऊ, जुलै.
दिल्लीहून निकाल आला.
बाईंनी बोटभर चिठ्ठी टाइप करून दिली.
मी मैद्याची खळ शिजवली,
कसर लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद जास्तच घातलं,
आणि चिठ्ठी डकवून वर रात्रभर वजन ठेवलं.
फोनवर सुपडू : "आते काय लिखेल शे त्यामा?"
म्हटलं, आपल्यावरून कागद फिरवलाय.

तेराचा डिसेंबर.
"चिठ्ठी काढा," बाई म्हणाल्या,
माझ्याकडे न बघता, खिडकीकडे बघत.
ओलं फडकं, सुरीची पाठ.
मोरचुदाची खळ सहजी सुटत नाही.
निघताना कलमाची दोन अक्षरं घेऊन आली.
तेवढी अजून माझ्या नखात आहेत असं वाटतं.
त्या वर्षी नाक्यावरच्या हवालदाराला आकडा पाठ झाला.
सुपडूचा मोबाइल गेला,
मग दर खेपेला दोनशे,
मग खेपाच बंद.

अठरा साली पुन्हा चिठ्ठी.
या वेळी खळ मी पातळ केली.
काय सांगावं.
बाई रिटायर व्हायच्या होत्या,
त्यांनी पेढे आणले, म्हणाल्या नातू झाला.
नातू आधीच तीन वर्षांचा होता.

पुढं लग्नाचंही कुणी विचारलं.
कोर्ट म्हणालं, ते आमच्या हातात नाही.
त्याची चिठ्ठी निघाली नाही,
डकवायची तरी कशावर?

आता नवीन पुस्तक आलंय, नव्या नावाचं.
मी मागून उघडलं.
कलमं साडेतीनशेच्या जरा पुढं जाऊन संपतात.
आमचा आकडा खोडलेला नाही,
झाकलेला नाही,
नाहीच.
मी दुपारी सुपडूचा जुना नंबर लावला.
बाई म्हणाली, हा क्रमांक अस्तित्वात नाही.
दोनदा म्हणाली, मराठीत आणि हिंदीत.
मी ऐकत राहिलो.
बातमी म्हणून ऐकावं की निरोप म्हणून, ते ठरेना.

जुने खंड रद्दीत चाललेत, किलोवर.
नव्याची शिवण माझ्याकडं.
बांधणीत शेवटी दोन कोरी पानं घालायची रीत आहे.
कशासाठी, ते माझ्या उस्तादालाही सांगता येत नव्हतं.

मी चार घालतो.