बोटभर वर

मावशी म्हणते, पोटुशीनं अंडं खाऊ नये,
बाळ टकलं निपजतं.
एनिफा हसते. सोळावं सरलेलं नाही अजून,
दातांत मलावीच्या तळ्याकाठची लाल माती,
बाजारात पुडीनं मिळते ती, मळमळीवर.

आज नर्सनं दंडाला पट्टी गुंडाळली,
पिवळ्यावर थांबली.
म्हणाली, दोघांपुरतं जेव.

घरी मक्याच्या न्सिमाचे सात गोळे, मोजून.
शेवटचं ताट एनिफाचं.

मी कोंबडीखालून एक उचललं,
चहाच्या डब्यात उकडलं, शाळेमागे नेलं.
तिनं अर्धं माझ्यापुढे धरलं.
"मी जेवलेय," खोटंच म्हटलं.
टरफलं आम्ही खोल पुरली.

संध्याकाळी तिला दाराशी उभं करून उंची आखली.
कोळशाची नवी रेघ
जुनीच्या बोटभर वर.