सहावा सामना

बारा सामने छापले होते कार्डावर.
पाच झाले. सहावा अर्धा.

शिवडीच्या जुन्या कापूस-गोदामात,
जिथे गासड्या रचायचे त्या फरशीवर
मी सोळा रात्री पाण्याचे थर दिले,
नखाएवढे पातळ,
एक गोठला की दुसरा,
तव्यावर घावनाचं पीठ सोडावं तसा हात फिरवत.

त्याआधी तीस वर्षं भाऊच्या धक्क्यावर
लाद्या ओढल्या.
बर्फ मला ठाऊक होता तो असा:
पापलेटाखालचा, सुरमईवरचा,
नाहीतर वैशाखात मयताच्या घरी
मुलगा दुबईहून येईस्तोवर पुरवायचा.
मेलेलं टिकवायचा बर्फ.
त्याच्यावर जिवंत माणसं धावतात
हे मी साठीला पाहिलं.

संघाचं नाव शिवडी फ्लेमिंगो.
गुलाबी जर्सी, पाठीवर मालकाच्या टाइल्सची जाहिरात.
लेहचे सात, कारगिलचे दोन,
बाकी पोरं ठाण्या-बोरिवलीची, चाकांच्या स्केटवर वाढलेली,
पडताना अजून डांबराला भ्यायची.
गोलकीपर रिग्झिन. पहिल्या दिवशी
हातमोजा काढून त्याने माझ्या बर्फावर तळवा टेकला.
म्हणाला, काका, मऊ आहे.
मी तीन दिवस त्याच्याशी बोललो नाही.
मऊच होता.

पहिला हरलो सात-एक.
दुसरा नऊ-दोन.
तिसऱ्याला त्यांचे दोघे ट्रॅफिकमध्ये अडकले,
तरी हरलो.
चौथा बरोबरीत सुटला, आणि त्या रात्री नाक्यावर
चौदा जणांनी एकोणतीस प्लेट भुर्जी-पाव उडवले,
जसा काही करंडक आणला.
पाचव्याबद्दल बोलायला नको.

प्रेक्षक? वहीत दीडशे लिहायचे.
मी मोजले एकाहत्तर,
त्यातले निम्मे गारव्याला आलेले.
कॉटन ग्रीनच्या मिसेस डिमेलो मात्र दरवेळी,
शाल, पायमोजे, थर्मास घेऊन पहिल्या रांगेत.
नियम एक कळत नसे त्यांना.
रिग्झिन पडला की ओरडायच्या,
ऊठ रे पोरा, जेवला नाहीस का?

मार्चची सतरा तारीख, बाहेर अडतीस,
दुसऱ्या सत्राचं बारावं मिनिट,
आम्ही दोन-शून्यने पुढे.
पुढे.
मला आधी कळलं ते आवाज गेल्याचं.
कॉम्प्रेसर असा थांबला
की गोदामाबाहेरचा कावळा आत ऐकू आला.
तीन महिन्यांचं बिल थकलेलं,
वीज कापलेली,
मालकाचा फोन बंद.
टॉर्च लावून पोरं खेळत राहिली.
रबरी चकती चप् वाजायची नि जागीच बसायची,
स्केटमागे शिंतोडे, मधली लाल रेघ
पायापायाने पसरत चाललेली.
शेवटी समोरच्या संघाचा कोच, सभ्य माणूस,
स्वतःच जाऊन घड्याळ थांबवून आला.

सामना रद्द. दोन दिवसांनी हंगामही.

लोक म्हणाले, पैसा पाण्यात गेला.
मी त्याला जाताना पाहिलंय.
खराट्याने मीच ढकलला गटाराकडे,
गटार खाडीकडे,
आणि खाडीत खरे फ्लेमिंगो
चिखलात चोच खुपसून निवांत.
त्यांचा हंगाम मेपर्यंत असतो.

निघताना रिग्झिनने कागद पुढे केला.
काका, लिहून द्या. दोन-शून्य. तारीख घाला.
कशाला, विचारलं नाही.
लिहिलं. खाली सही केली.
त्याचं नाव चुकलं माझ्याकडून,
त्याने तसंच घडी घालून खिशात ठेवलं.

शेवटच्या पगाराऐवजी मला चाळीस चकत्या मिळाल्या.
एकीवर बायको कुकर उतरवते,
काही पुतण्याच्या पोरांनी हरवल्या,
चार आहेत फ्रीजच्या पायांखाली.
फ्रीज आता डुगडुगत नाही.
रात्री त्याची घरघर थांबली की मला जाग येते,
आणि ती परत सुरू होईस्तोवर
मी श्वास धरून
पुढे असतो.