स्थिर

वडशाच्या धर्मादाय दवाखान्यात
क्ष-किरणाच्या खोलीमागे माझं टेबल.
खिडकीतून राइसमिलचा कोंडा आत येतो,
की-बोर्डवर बसतो, आणि मी
माणसांच्या दुखण्यांना आकडे देते.

नाडी मला कळत नाही.
मला कळतं ते गहाणे डॉक्टरांचं अक्षर,
जे दुसऱ्या दिवशी त्यांनाही लागत नाही.

आजचा सातवा कागद: सगुणा दसरू कुमरे,
वय एकेचाळीस, मुक्काम कोरेगाव,
सिकलसेल, लाल कार्ड,
आणि खाली एकच शब्द. स्थिर.

स्थिर असेल तर एक आकडा.
झटका असेल तर त्याच्या शेजारचा.
फरक टिंबाच्या पलीकडचा, एका घराचा,
पण त्या घरात
तीन दिवसांची खाट, सलाइन, रक्ताची पिशवी
आणि परतीचा ऑटो एवढं सगळं मावतं.

नागपूरच्या शिकवणीत सांगितलं होतं:
लिहिलं नाही ते झालं नाही.
आणखी एक सांगितलं होतं, जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी,
म्हणून फार थोड्यांनी उतरवून घेतलं:
दुखणं बदललं नाही म्हणजे ते स्थिर झालं असं नव्हे.
जिथवर न्यायचं ठरलं होतं
तिथवर पोचलं का, ते बघा.

सगुणाबाईचं कुठवर ठरलं होतं?
फाईल उलटून पाहिली.
हिमोग्लोबिन सात. मागच्या पोळ्याला सात.
त्याच्या मागच्या पोळ्यालाही सात.
सातवर बाई इतकी घट्ट बसलेली
की आठ का नाही, हे विचारायचं
कुणाच्या लक्षातच राहिलं नाही.

दुखणं दहापैकी किती, या चौकटीत
नर्सबाईनं तिचाच शब्द लिहून ठेवलाय: पायलीभर.
यंत्र म्हणतं, अंक टाका.
आमच्या घरच्या पायलीत शेर चार.
चार टाकले तर दुखणं सौम्य निघतं.

उठले. बाकावर ती बसली होती,
एक पाय दुसऱ्यावर जपून ठेवलेला,
कुणाकडून उसना आणल्यासारखा.
"लय दुखते का?"
"रोजचंच आहे व बाई. रोजच्याले लय काहून म्हणाव?"
"रोवणीले जाता?"
"दोन साल झाले. चिखलातून पाय निघत नाई."

हे मला लिहिता येत नाही.
मी ऐकलं ते कागदानं ऐकलेलं नसतं.
डॉक्टरांना चिठ्ठी तेवढी पाठवता येते, तीही अशी
की प्रश्नाच्या पोटात उत्तर नको:
'रुग्णाची अवस्था कृपया स्पष्ट करावी.'
पाच शब्द. चार वेळा खोडले.

दुपारी त्यांनी तिला पुन्हा आत बोलावलं.
दार बराच वेळ लागलेलं होतं.
चिठ्ठी परत आली ती
'स्थिर'वर आडवी रेघ घेऊन,
बाजूला 'झटका, सकाळपासून. भरती',
सही, आणि चहाचा अर्धा गोल.

आकडा बदलला. मंजुरीला पाठवला.
उद्या विमावाले पुरावा मागतील. मागोत.

दिवे लागताना ती बाकावरच होती.
"बाई, माया नंबर किती आला?"
तिला खाटेचा हवा होता.
माझ्या तोंडून दुसराच निघाला:
सत्तावन्न, टिंब, शून्य.

ती बोटांच्या पेरांवर मोजत राहिली,
मग म्हणाली,
"मंग लय मागं आहे व मी."