पंचवीस मिनिटं

तीन दिवस हा गॅरेजमध्ये गुडघ्यांवर होता.
आरतीलासुद्धा दारातच उभा राहणारा माणूस,
जुन्या फियाटच्या डागापुढे
कपाळ टेकायचं काय ते बाकी.
सोडा टाकला, भुसा टाकला, तारेच्या ब्रशने घासला.
डाग सकाळी फिका व्हायचा,
संध्याकाळी पुन्हा वर यायचा.
"काँक्रीट तेल पितं," हा म्हणाला, "आणि विसरत नाही."
मी म्हटलं, तू तरी कुठे विसरतोस.

दस्तगीरने भाव सांगितला चौरस फुटाला एकशे दहा.
गॅरेज दहा बाय अठरा.
यानं तोंडातल्या तोंडात गुणाकार केला,
त्याला चहा पाजला,
आणि दुसऱ्या दिवशी भोसरीहून स्वतःच डबे घेऊन आला.
खडकीच्या कारखान्यात छत्तीस वर्षं
मशीनखालची जमीन बघितली होती ना.
दस्तगीर जाताना एवढंच बोलला होता:
"काका, मे महिना आहे. कालवलं की पंचवीस मिनिटं.
मग बादली तुमचं ऐकणार नाही."

ग्राइंडर भाड्याचा.
अर्ध्या गल्लीत आमच्या जमिनीचं पीठ उडालं.
समोरच्या केतकरबाईंनी गच्चीतले पापड आत नेले
आणि काही बोलल्या नाहीत,
म्हणजे बरंच बोलल्या.

रात्री प्लास्टिकचा एक चौकोन जमिनीला चिकटवला,
सकाळी कड उचलून, चष्मा वर सारून, खालून हात फिरवला.
ओल नाही.
इतक्या काळजीने यानं माझा ताप कधी पाहिला होता,
आठवत बसले.
सत्त्याण्णव साली, टायफॉइडमध्ये.
पाहिला होता.

पहाटे पाच. डबा एक, डबा दोन, घड्याळ खिडकीत.
राखाडी रंग रबरी पट्टीने पसरत गेला,
हा खिळ्यांचे तळवे बांधून त्यात उभा,
बगळ्यासारखा.
मग चिप्स: पांढऱ्या, काळ्या, थोड्या विटकरी.
यानं त्या कोंबड्यांना दाणे टाकावेत तशा मारल्या.
ढीग पडले.
सोळा मिनिटं गेली होती.

"वर फेक, वर!" मी उंबऱ्यातून.
"तूच ये मग."

खिळ्यांची दुसरी जोडी एकावर एक फुकट आलेली.
गाऊन गुडघ्यापाशी खोचला आणि उतरले.
हात छताकडे, मनगट सैल.
चाळीस वर्षं सुपात तांदूळ पाखडलेल्या मनगटाला
वेगळं काय सांगायचं.
चिप्स वर गेल्या, ट्यूबलाइटखाली जरा थांबल्या,
आणि मंगल कार्यालयातल्या शेवटच्या रांगेतून टाकलेल्या
अक्षतांसारख्या
कुणाच्याही अंगावर, कुठेही, सगळीकडे सारख्या.
याच्या टकलावर दोन.
हा हलला नाही. हलता येत नव्हतं.
डागाच्या जागी मी मूठभर जास्त टाकल्या.
यानं पाहिलं.
कोपऱ्यात उरलेली बादली तापून धूर सोडायला लागली.

मग खरवडणं, झाडणं, वरून पारदर्शक एक हात.
पाच दिवस कुलूप.
माझ्या वेणीतून, मुगाच्या डाळीतून, पासबुकातून
अजून चिप्स निघतात.

सहाव्या दिवशी मी गाडी आत घ्यायला निघाले
तर हा दारात आडवा, चपला काढून.
"टायर गरम आहेत," म्हणाला. "रंग ओढून घेतात. निवू दे."

जून गेला. गाडी निवतेच आहे,
'फाटकासमोर वाहन लावू नये' या आमच्याच पाटीखाली.
दुपारी गॅरेजात चटई टाकून हा पेपर वाचतो,
मी शेंगा सोलते.
सांडलेले दाणे त्या ठिपक्यांत दिसत नाहीत,
बोटांनी चाचपावे लागतात.
हाही पेपर ठेवून मदतीला येतो.
डाग होता तिथे आलो
की दोघांचेही हात
जरा जास्तच वेळ दाणे शोधतात.