अकरा रिकामे रकाने

मी राहते सागरमाळावर. नावात तेवढा सागर.
खरा समुद्र घाटाखाली, एसटीनं चार तास,
आणि मला हवा तो त्याहून कितीतरी पलीकडचा,
विषुववृत्तालगत पॅसिफिकमधला एक चौकोन
जिथं मी कधीच जाणार नाही.
त्याचा ताप मात्र महिन्याच्या महिन्याला कळतो,
लांबच्या नातलगाचा कळावा तसा:
सरासरीहून अर्धा अंश जास्त.

तेवढ्यानं गगनबावड्यावरची हवा काय करेल?
ढकलून बघता येत नाही तिला.
प्रयोगाला दुसरी पृथ्वी नाही.
हाताशी आहे तिचं आपलं आपण डुलणं,
चाळीस वर्षांचं,
आणि पंचगंगेचं पाणी किती चढलं त्याच्या वह्या.

वह्या दस्तगीर नदाफांकडं.
राजाराम बंधाऱ्यावरची पट्टी वाचायचे ते,
तासातासाला, आधी कंदिलावर, मग बॅटरीवर.
मार्च होता. दारात मिरच्या वाळत घातलेल्या.
मी उंबऱ्यातच सगळं सांगून टाकलं,
सहसंबंध, विलंब, आव्यूह.
तरुणपणी तांबड्या मातीत उतरलेला माणूस.
म्हणाले, "ह्यात काय अवघड हाय?
पैलवान नुस्ता हुबा असतोय तवा बघायचं,
कुठल्या पायावर जड हुतोय,
किती येळानं पाय बदलतोय.
मग धक्का कुठनं बी द्या,
त्यो कुठं पडंल ते ठरल्यालं असतंय."

मी मिरच्यांकडं बघत राहिले.
हेच लिहायला मला अडीच पानं लागली होती
आणि त्यात एक चिन्ह उलटं पडलं होतं.

निळ्या शाईत फूट, तांबड्या शाईत इंच.
एका ऑगस्टात अकरा रकाने रिकामे.
आधी सत्तेचाळीस फूट चार इंच,
मग काही नाही,
मग उतरतं पाणी, अक्षर थोडं तिरकं.

रिकामं भरायच्या पद्धती आहेत.
शेजारच्या आकड्यांतून गुळगुळीत वळण काढता येतं.
अट एकच: जे गळलं ते सहज गळलेलं असावं.
शाई संपली, थंडी वाजली, पोरीचं लग्न निघालं.

विचारलं, तर हसले.
"पट्टीच बुडाली की.
मच्छिंद्री झाल्यावर कोण वाचतंय?
मी चिखलीत छपरावर, दोन शेरडं घिऊन.
वही शर्टात, पोटाला.
दिसलाच न्हाई आकडा, तर खोटा कशाला लिवायचा?"

म्हणजे पूर आम्हाला तेवढाच माहीत
जेवढा कुणीतरी पाय टेकून वाचला.

विभागात रिवाज आहे, रिकाम्या जागी
उणे नऊशे नव्याण्णव भरायचं.
गेल्या साली मंदारनं त्याचीच सरासरी काढली,
आणि पंचगंगा दोनशे फूट जमिनीखालून वाहू लागली.
सगळे हसले, मीपण.
या वेळी मी काही भरलं नाही.
समासात लिहिलं: वाचणारा छपरावर होता.
यंत्राला समास वाचता येत नाही, हे ठाऊक असून.

मेअखेर उत्तर आलं.
मधली एक रेघ, आणि दोन्ही बाजूंना
एवढी रुंद पट्टी की तिच्यात
कोरडं साल आणि महापूर शेजारी शेजारी झोपतील.
रात्री नऊला फोन केला.

"बोल. तुजा पैलवान कुठल्या पायावर हाय?"
"डाव्या. बहुतेक."
"किती बहुतेक?"
"शंभरात साठ."
पलीकडं थोडा वेळ नुसती रवंथ ऐकू येत राहिली.
मग भांडं सरकवल्याचा आवाज, आणि
"बरं," म्हणाले,
"उद्या वैरण माळ्यावर चढवतो."